नैरोबी ते केपटाउन आणि सिरपूरचा काठ : एक संवाद

पूर्व आफ्रिकेतून खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत जमिनीवरून, वन्यजीव आणि पक्षी पाहत जाण्याच्या प्रवासाला ओव्हरलँड सफारी म्हणतात. तिचा सर्वांत रुळलेला मार्ग नैरोबी ते केपटाउन हा आहे. केनिया, टांझानिया, झांबिया, झिंबाब्वे, बोत्स्वाना आणि नामिबिया ओलांडून तो दक्षिण आफ्रिकेत पोहोचतो. थेट रस्त्यानेच हे अंतर पाच हजार किलोमीटरहून अधिक भरते आणि अभयारण्यांसाठी घ्यावी लागणारी वळणे धरली, तर ते बरेच वाढते. वीस-बावीस प्रवाशांची सोय असलेला उंच ट्रक, त्यातच तंबू, पाण्याच्या टाक्या आणि शेगड्या, रात्री तळावर मुक्काम आणि स्वयंपाक-भांडी पाळीपाळीने, असा त्याचा सर्वसाधारण नमुना. सहा ते आठ आठवडे यात सहज जातात.

इंदूरच्या पक्षीनिरीक्षकापुढे या प्रवासाचा विचार करताना एक वेगळा प्रश्न उभा राहतो. सिरपूर तलाव आणि यशवंतसागर ही शहराजवळची दोन्ही पाणथळे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर ही रामसर करारान्वये ‘वेटलँड सिटी’ ठरलेली भारतातली पहिली शहरे झाली. घराजवळ एवढे असताना पैसा आणि वेळ खर्चून आफ्रिका का गाठावी? या प्रश्नाच्या दोन बाजू इथे इंदूरच्या एका मराठी घरातल्या मामा-भाचीच्या तोंडी मांडल्या आहेत. मामा आफ्रिकेच्या बाजूने बोलतात, भाची माळव्याच्या.

जमिनीवरून जाण्याचा अर्थ

मामा : विमानाने थेट मसाई मारात उतरून चार दिवसांत परतणाऱ्याला सिंह दिसतो, पण तो तिथेच का आहे हे उमगत नाही. रस्त्याने गेले की माती बदलते, मातीबरोबर झाड बदलते आणि झाडाबरोबर पक्षी. केनियाच्या खचदरीत नाकुरू आणि बोगोरियासारखी खारी सरोवरे आहेत. त्यांच्या पाण्यात सूक्ष्म नील-हरित शैवाल वाढते आणि छोटे रोहित त्यावरच जगतात. तिथून सेरेंगेटीत आले की ज्वालामुखीच्या राखेवर उगवलेले आखूड, खनिजांनी समृद्ध गवत लागते. विल्डबीस्टच्या माद्या पिल्लांना जन्म द्यायला त्याच गवतावर येतात. पुढे दक्षिण टांझानिया आणि झांबियात मिओम्बोचे जंगल सुरू होते. मग मोपानेची झाडे, ओकावांगोचे पाणी, कलाहारीची वाळू, नामिबचे वाळवंट आणि शेवटी केपची झुडपे. हा क्रम तुटला, तर हाती फक्त प्राण्यांची यादी उरते.

भाची : मामा, क्रम शिकायला सात देश ओलांडावे लागत नाहीत. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. महू सोडले की पाताळपाणीला पठाराची कड येते, घाट उतरून कालाकुंड आणि चोरलचे सागवान लागते आणि पुढे बडवाह गाठले की नर्मदा. वरच्या काळ्या मातीच्या शेतांवर कापशी घार एका जागी पंख मारत थांबलेली दिसते. घाटातल्या झाडीत पावसाळ्यात नवरंग शीळ घालतो आणि नर्मदेच्या वाळूच्या बेटांवर नदीसुरय घरटी करतो. माती, झाड, पक्षी ही तुम्ही सांगितलेली साखळी इथे एका दिवसात पायाखाली येते.

मामा : साखळी तीच, पण तिची लांबी वेगळी. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटर आहे आणि मसाई मारा १,५१० चौरस किलोमीटर. या दोन्ही प्रदेशांतून मिळून तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट वर्षभर गवतामागे फिरतात, सोबत लाखो झेब्रे आणि हरणे. चरणाऱ्या जनावरांचे एवढे मोठे चक्र जगात आता फार थोड्या ठिकाणी अखंड उरले आहे. काळविटांचे मोठे कळप कधी माळव्यातही होते. एखादा माळ जिवंत असतो म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल, तर तो अजून न मोडलेल्या ठिकाणी पाहावा लागतो.

या पहिल्या फेरीत दोघांचे म्हणणे एकमेकांना छेद देत नाही. एका भूप्रदेशातून दुसऱ्यात जाताना जीवसृष्टी कशी बदलते, हे लहान अंतरावरही दिसते. पूर्ण आकाराची सस्तन प्राण्यांची स्थलांतरे मात्र मोठ्या आणि कुंपण नसलेल्या क्षेत्राशिवाय टिकत नाहीत. तेवढे क्षेत्र माळव्यात उरलेले नाही.

पक्ष्यांची मोजदाद

मामा : केनियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहूनही थोडे कमी आहे, तरी तिथे अकराशेच्या आसपास पक्षीजाती नोंदल्या गेल्या आहेत. अख्ख्या भारतात त्या साडेतेराशेच्या आसपास आहेत. शिवाय तिथली काही कुळेच भारतात नाहीत. शहामृग, साप मारणारा लांब पायांचा सेक्रेटरी बर्ड, तुराको, माउसबर्ड, वुडहूपो, युगांडा आणि झांबियाच्या दलदलींतला शूबिल, केपच्या प्रोटिया फुलांवरचा शुगरबर्ड. एक कूळ पाहिले की पक्षी किती तऱ्हांनी जगू शकतो, याची नवी कल्पना येते.

भाची : आफ्रिकेत नसलेले पक्षीही इथे आहेत आणि त्यांची अवस्था जास्त नाजूक आहे. तणमोर घ्या. माळव्यात त्याला खरमोर म्हणतात. पावसाळ्यात गवत गुडघाभर झाले की नर त्यातून पुन्हा पुन्हा उंच उडी घेतो आणि मादीला आपली जागा दाखवतो. रतलाम जिल्ह्यातले सैलाना आणि धार जिल्ह्यातले सरदारपूर ही दोन अभयारण्ये १९८३ मध्ये त्याच्याचसाठी झाली. आज हा पक्षी अतिसंकटग्रस्त आहे आणि त्याची वीण जवळपास सगळी भारतातच होते. दुसरा रानपिंगळा. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे सातपुड्यात खंडवा-बुऱ्हाणपूरच्या बाजूलाही त्याच्या नोंदी झाल्या. इंदूरहून हे सगळे एका दिवसाच्या टप्प्यात आहे. इथल्या माणसाने ते पाहिले नाही आणि नोंदले नाही, तर दुसरे कोण नोंदणार?

मामा : नोंदणे हे कर्तव्य झाले, बेटा. पाहणे ही भूकही असते. माणूस दोन्ही करू शकतो.

भाची : करू शकतो. पण आठ आठवड्यांत आठशे नावांवर खूण करणारा पक्षी ओळखतो किती आणि मार्गदर्शकाने सांगितलेले लिहून घेतो किती, हा प्रश्न राहतोच.

भाचीचा हा आक्षेप लांब सफारीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. आफ्रिकेतले विणकर पक्षी, शिंजीर, सिस्टिकोला आणि शिकारी पक्षी ओळखायला अवघड आहेत. विणीचा हंगाम संपला की अनेक विणकरांचे नर मादीसारखे मळकट दिसतात, आणि सिस्टिकोला बहुधा आवाजावरूनच ओळखावे लागतात. चोचीचा आकार, शेपटीची हालचाल, बसण्याची जागा आणि आवाज हे एका नजरेत टिपण्याची सवय नसेल, तर रोजचे नवे चाळीस पक्षी मनात एकमेकांत मिसळतात. ही सवय ओळखीच्या पक्ष्यांवरच लागते. शेकाट्या आणि कवड्या खंड्या सिरपूरला दिसतात, तसेच नाकुरू आणि बोत्स्वानातल्या चोबे नदीच्या काठीही दिसतात. ज्याने ते घरी बारकाईने पाहिले आहेत, त्याच्यासाठी परक्या पाणथळावरची निम्मी गर्दी आधीच निवळलेली असते.

ऋतूंचे गणित

भाची : तुमच्या दोन महिन्यांत वर्षाचा कोणता भाग येणार, मामा?

मामा : इथेच निवड करावी लागते. विल्डबीस्टची पिल्ले जानेवारी ते मार्चमध्ये दक्षिण सेरेंगेटीत जन्मतात. मारा नदी ओलांडणारे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये दिसतात. ओकावांगोचे पाणी अंगोलाच्या डोंगरांतून येते आणि पावसानंतर काही महिन्यांनी पोहोचते, म्हणून बोत्स्वानात ऐन कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्टमध्ये, पूर असतो. हे पाणी समुद्राला मिळत नाही, बहुतेक बाष्प होऊनच उडून जाते. नामिबियातल्या एतोशात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे खारे मैदान आहे. जून ते ऑक्टोबरमध्ये बाकीचे पाणी आटते आणि हत्ती, गेंडे, सिंह मोजक्या पाणवठ्यांवर येतात. झांबियात लुआंग्वा नदीच्या उघड्या दरडींत किरमिजी वेडे राघू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वसाहती करतात. म्हणजे जुलैत नैरोबी सोडून सप्टेंबरात केपटाउन गाठले, तर नदीवरचे कळप, ओकावांगोचा पूर आणि एतोशाचे पाणवठे हे तिन्ही जमते.

भाची : आणि त्याच काळात युरोप-आशियातून येणारे पक्षी तिथे नसतात. ते नोव्हेंबर ते मार्चमध्ये असतात. विणकरांचे आणि बिशप पक्ष्यांचे लाल-पिवळे रंगही पावसाळ्यातच खुलतात.

मामा : खरे आहे. पावसाळ्यात गवत वाढते, प्राणी पांगतात, चिखलात गाडी रुतते, पण पक्ष्यांसाठी तोच उत्तम काळ. प्राण्यांचा हंगाम आणि पक्ष्यांचा हंगाम एकमेकांच्या उलट पडतात. ज्याला पक्षी मुख्य आहेत, त्याने जाहिरातीतला जुलै-ऑगस्ट सोडून डिसेंबर-जानेवारीचा विचार करावा.

भाची : इथे निवड करावीच लागत नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर चातक येतो. मग कमळपक्ष्याचा नर पाण्यावरच्या पानांवर अंडी उबवत बसतो. सप्टेंबरच्या शेवटी पहिली बदके उतरतात, थंडीत थापट्या आणि तलवार बदकांचे थवे असतात, मार्च-एप्रिलमध्ये ते परततात आणि मे महिन्यात पाणी मागे सरले की चिखलात चिखले पक्षी फिरतात. यशवंतसागरच्या बाजूला सारसाची जोडी तिथल्याच शेतांत वर्ष काढते. एकाच काठावर बाराही महिने उभे राहिले की वर्ष पुरे होते. आठ आठवड्यांत ते होत नाही.

पैसा कोणाकडे जातो

मामा : आफ्रिकेतली वने बऱ्याच अंशी पर्यटकाच्या पैशावर उभी आहेत. मसाई माराच्या भोवतीच्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये मसाई कुटुंबे आपली जमीन भाड्याने देतात आणि कुंपण न घालता ती वन्यजीवांना मोकळी ठेवतात. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून ग्रामसमूहांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर हक्क आणि उत्पन्न दिले. २०२० मध्ये पर्यटक थांबले, तेव्हा वनरक्षकांच्या पगारापासून जमिनीच्या भाड्यापर्यंत सगळे अडचणीत आले. तिथे न जाणे हेही निसर्गाच्या बाजूने असतेच असे नाही.

भाची : त्याच पर्यटनासाठी लोक हटवलेही जातात. जून २०२२ मध्ये टांझानियातल्या लोलिओंडोत सुमारे १,५०० चौरस किलोमीटर चराऊ जमिनीची हद्द आखण्यावरून मसाई आणि सुरक्षा दलांत संघर्ष झाला. मारा नदीच्या काठी कळप उतरू पाहतो, तेव्हा गाड्यांची गर्दी त्याची वाट अडवते. आणि खर्च? जुलै ते डिसेंबरमध्ये मसाई माराचे प्रवेशशुल्कच परदेशी प्रौढ पर्यटकाला २०२४ पासून दिवसाला २०० डॉलर आहे. त्या एका दिवसाच्या पैशात इथल्या शाळेच्या मुलांना दुर्बिणी मिळतील.

मामा : ट्रकने जाणारा तळावर तंबूत राहतो, बाजारातून भाजी घेतो. आलिशान लॉजपेक्षा त्याचा खर्च कमी, आणि पैसा वाटेतल्या गावांतही उतरतो.

भाची : उतरतो, पण आपल्या तळ्याला मिळत नाही. सिरपूर होळकरांनी बांधले, पण ते पक्ष्यांसाठी राखले नागरिकांनी. चित्रकार-छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’ संस्थेने वर्षानुवर्षे काठावर उभे राहून ते केले. सांडपाणी, अतिक्रमण, गाळ यांचा दबाव रामसरच्या पाटीने थांबत नाही. तिथे दर रविवारी माणूस लागतो.

या मुद्द्यावर सफारीची निवड महत्त्वाची ठरते. समूहाच्या मालकीच्या कॉन्झर्व्हन्सीत मुक्काम, स्थानिक मार्गदर्शक, गाड्यांची मर्यादा पाळणारा आयोजक आणि शक्य तिथे पायी सफारी, या गोष्टींनी खर्चाची दिशा बदलते. पायी सफारीची परंपरा झांबियात लुआंग्वाच्या खोऱ्यात रुजली. तिथे नॉर्मन कार यांनी १९५० मध्ये स्थानिक प्रमुखाच्या सहकार्याने पर्यटकांसाठी तळ उभारला आणि उत्पन्नाचा वाटा समाजाला दिला.

आकाशातली वाट

भाची : आफ्रिकेचे पक्षी पाहायला आफ्रिकेतच जावे लागते, हेही पूर्ण खरे नाही. पावसाळ्याबरोबर उत्तर आणि मध्य भारतात येणारे चातक आफ्रिकेतून येतात असे मानले जाते. अमूर ससाणे सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडमध्ये दोयांगला थांबतात, मग भारतावरून उडत अरबी समुद्र एका झेपेत ओलांडून सोमालिया गाठतात आणि पुढे दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. २०१९ मध्ये मंगोलियात उपग्रह-यंत्र लावलेला ओनोन नावाचा कुक्कू पक्षी झांबियात हिवाळा काढून मे २०२० मध्ये समुद्र ओलांडून मध्य प्रदेशात उतरला. लहानसा चतुरही भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेत जातो, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले.

मामा : म्हणून तर तिकडचे टोक पाहायचे! ससाण्याचा इकडचा मुक्काम काही दिवसांचा. तो जिथे महिनोन्‌महिने राहतो, ती दक्षिणेकडची गवताळ मैदाने पाहिल्याशिवाय त्याचे वर्ष कळत नाही. सिरपूरला उतरणारा पक्षी दोन घरांचा आहे. एक घर पाहून त्याची गोष्ट अर्धी राहते.

दोन्ही बाजूंचे सर्वांत भक्कम मुद्दे इथे एकत्र येतात. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यासाठी माळवा आणि मोंबासा ही एकाच वर्षाची दोन ठिकाणे आहेत, आणि त्याचा बचाव दोन्हीकडे व्हावा लागतो. नागालँडमध्ये २०१२ मध्ये अमूर ससाण्यांची मोठ्या प्रमाणावर शिकार उघडकीस आली आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली. एका टोकावरच्या गावाच्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्या टोकावरच्या आकाशात दिसतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

चित्ता आणि माळरान

मामा : आता आफ्रिकाच मध्य प्रदेशात आली आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात आणले गेले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांतले दोन मंदसौर जिल्ह्यातल्या गांधीसागरात सोडले.

भाची : आफ्रिकेतून चित्ते आणणे नवे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर आणि भावनगरच्या दरबारांनी शिकारीसाठी तिकडून चित्ते आणवले होते, कारण इथले संपत आले होते. १९५२ मध्ये भारतातला चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. प्राणी विमानाने आणता येतो, त्याचे माळरान आणता येत नाही. ते इथेच राखावे लागते. तणमोरालाही तेच गवत लागते.

मामा : आणि राखायचे म्हणजे काय, ते सेरेंगेटीत कळते.

निघण्यापूर्वी

ज्याने जाण्याचे ठरवले आहे, त्याच्यासाठी काही गोष्टी ठरलेल्या आहेत. केनिया आणि युगांडासारख्या पीतज्वराच्या देशांतून भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र लागते. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि आता आयुष्यभर चालते. ते नसेल, तर भारतात सहा दिवस विलगीकरण होऊ शकते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली. केनिया, युगांडा आणि रवांडासाठी एकत्रित पर्यटक व्हिसा मिळतो. झांबिया-बोत्स्वाना सीमेवर पूर्वी ट्रकांना फेरीबोटीसाठी ताटकळावे लागे. मे २०२१ मध्ये कझुंगुला पूल खुला झाल्यावर ते संपले. दुर्बीण ८×४२ ची पुरते, कारण चालत्या ट्रकमध्ये त्याहून जास्त मोठे करणारी दुर्बीण स्थिर राहत नाही. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचे पक्षी बरेच वेगळे आहेत, म्हणून दोन स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तके असलेली बरी.

संवादाच्या शेवटी दोघांचे तीन गोष्टींवर एकमत होते. आफ्रिका पाहायची, तर ती जमिनीवरून आणि सावकाश पाहावी. सात देश घाईने उरकण्यापेक्षा दोन-तीन देश सलग पाहिले, तर भूमीचा क्रम जास्त नीट कळतो. जाण्यापूर्वी निदान एक पूर्ण वर्ष एकाच पाणथळावर, शक्यतो आपल्या शहराच्या, दर आठवड्याला नोंद करावी, कारण त्या वर्षानेच परकी भूमी वाचण्याची नजर तयार होते. आणि परतल्यावर त्या पाणथळाकडे पाठ फिरवू नये.

मतभेद उरतो तो एकाच ठिकाणी. मामांच्या मते मोठे, अखंड माळरान एकदा तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लहान माळरान वाचवण्याची खरी ओढ लागत नाही. भाचीच्या मते ही ओढ रोजच्या पाहण्यातून आणि रोजच्या कामातूनच लागते आणि ज्याला ती इथे लागली नाही, त्याला ती सेरेंगेटीतही लागणार नाही. यातले कोणते खरे, हे ज्याने त्याने आपल्या स्वभावानुसार ठरवायचे आहे. पण निर्णय कोणताही असो, सुरुवात मात्र जवळच्या पाण्यावरूनच करावी लागते.